पळायला जाताना खिशात काय: पंप की पावडर?

दम्याच्या इनहेलरचे हे दोन प्रकार: पंप म्हणजे दाबून फवारा मारायचा, पावडर म्हणजे छोट्या यंत्रात कॅप्सूल फोडून आतली पूड ओढायची. दोन्हीत औषध तेच, आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल. पळण्याआधी 10-15 मिनिटं घ्यायचं, हेही दोन्हीला सारखंच. फरक पडतो तो हाताळणीत.

शिकायला पावडर सोपी, हे मान्य. पंप दाबणं आणि श्वास ओढणं एकाच वेळी जमलं नाही, तर औषध घशावरच बसतं. कॅप्सूलमध्ये ती कसरत नाही, जोरात ओढली की झालं. आमच्या आईला घरात तीच बरी पडते.

पण रत्नागिरीत मांडवीला किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर पळायचं असेल तर मला वेगळं वाटतं. आपली उबदार, दमट हवा छातीला तशी मानवते; श्वासनलिका जास्त आवळतात त्या थंड, कोरड्या हवेत. पावडरीला मात्र हीच हवा सोसत नाही. मृग लागला की मिठाला पाणी सुटतं, पोहे सादळतात, तशी कॅप्सूलही सादळते. कवच मऊ पडतं आणि नीट फुटायच्या ऐवजी चेपतं. आतल्या पावडरीच्या गुठळ्या होतात, निम्मी तिथेच चिकटून राहते. डबी कितीही घट्ट लावा, कॅप्सूल काढायची ती घामेजल्या बोटांनीच. भाट्याच्या पुलावर छाती भरून आलेली, खाडीवरचा वारा अंगावर, आणि आपण चिमटीतली कॅप्सूल खाचेत बसवतोय! मला नको झालं ते. शिवाय पावडर ओढायला जोर लागतो आणि धाप लागल्यावर नेमका तोच नसतो.

पंपातलं औषध बंद डब्यात, त्याला दमटपणा लागत नाही. हलवायचा, दाबताना सावकाश ओढायचा, 10 सेकंद श्वास धरायचा. घरून निघताना मी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावूनच घेतो. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्यावा. पुसला तर प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. पंप स्कूटरच्या डिकीत उन्हात मात्र ठेवू नका.

तुमची सवय पावडरीचीच असेल, तर उन्हाळ्यात निभेलही. पावसाळ्यापुरता तरी डॉक्टरांना विचारून पंप घ्या, असं मी म्हणेन.

आणि पळण्याआधीचा डोस सोडून आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा यातलं काहीही लागत असेल, तर ही निवड नंतरची. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही 2019 पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नका असंच सांगतात. आधी डॉक्टरांशी स्टिरॉइडच्या इनहेलरबद्दल बोला.