थेंब मोजायची केएच किट: खारपाणपट्ट्यातून अभिप्राय

समुद्री टाकीच्या पाण्याचा केएच, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, मोजायच्या या किटला पाचपैकी साडेतीन स्टार. पद्धतीला साडेचार दिले असते, पण मला मिळालेल्या बाटलीने एक स्टार खाल्ला. ती हकीकत पुढे येतेच.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल याला काय कळतं. दर्यापूर तालुक्यात आमचं गाव, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीखालचं पाणीच खारं. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्र सांभाळतो. घरात 180 लिटर पाण्याची समुद्री टाकी आहे, दोन क्लाउनफिश, थोडे झोआंथिड, मशरूम आणि एक लेदर. सगळे मऊ प्रवाळ. कडक प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे कोणी गुपचूप देऊ केले तरी घेऊ नका.

टाकी आली त्या दिवशी आमचे बाबा ओट्यावरून म्हणाले, "काऊन बे, बोअरले खारं पानी कमी हाये का, का तू पैसे देऊन मीठ टाकून रायला?" प्रश्न रास्त होता. पण आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 2100 भरतो आणि समुद्राचा 35000 च्या घरात. शिवाय खारं म्हणजे समुद्र नव्हे. कोणता क्षार किती, यावर सगळं आहे. मग बाबांनी लोणारहून कॅन भरून आणायचं सुचवलं. लोणारच्या सरोवराचा पीएच 10 च्या आसपास, समुद्राचा 8.1-8.2. मासे रात्र काढणार नाहीत. तेव्हा बोअरचं पाणी आरओ आणि रेझिनमधून (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) काढून टीडीएस शून्यावर आणायचं आणि त्यात बादलीतलं विकतचं समुद्री मीठ घालायचं. रेझिन आमच्या पाण्यात इतक्या लवकर मरतं, की त्याच्यावर वेगळं रडगाणं लिहावं लागेल.

खारटपणा मोजायला माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे, पण एकदा गंमत म्हणून केंद्रातला, दुधाची घनता पाहायचा लॅक्टोमीटर टाकीत सोडला. 26 वर थांबला, म्हणजे घनता 1.026, अगदी समुद्राचाच आकडा. बाबांनी वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "पानी घातलेलं दूध हाये."

आता किट. परदेशी बनावटीची, छोट्या डब्यात. एक काचेची कुपी, 5 मिलीची सिरिंज, 1 मिलीची बारीक सिरिंज, तिला लावायचं प्लास्टिकचं टोक, इंडिकेटरची थेंबबाटली आणि आम्लाची बाटली. मला अठराशे रुपयांना पडली. कुपीत टाकीचं 4 मिली पाणी घ्यायचं, इंडिकेटर टाकायचा, पाणी निळसर हिरवं होतं. मग बारीक सिरिंजमधून आम्लाचा एकेक थेंब सोडत कुपी हलवत राहायचं. रंग गुलाबी झाला की थांबायचं, सिरिंजमध्ये किती उरलं ते पाहायचं आणि कागदावरच्या तक्त्यात केएच शोधायचा. दुधाची आम्लता काढणाऱ्याला हे नवीन नाही. तिथे आपण अल्कली सोडतो आणि दूध गुलाबी होतं, इथे आम्ल सोडतो आणि पाणी गुलाबी होतं.

केएच, म्हणजे ही आम्ल झेलायची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेटची असते. त्यातूनच शंखगोगलगायी कवच करतात आणि दगडावरचं गुलाबी चुनखडी शेवाळ पसरतं. समुद्रात तो 7 च्या आसपास असतो, टाकीत लोक 8-9 ठेवतात. नवख्याने सगळ्यात आधी हीच किट घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण केएच झपाट्याने हलतो. चुना बसता बसता केएच 2.8 ने खाली आला, तरी कॅल्शियम उतरतं लिटरमागे फक्त 20 मिलिग्रॅम. 420 चं 400 झालं हे कॅल्शियमच्या किटमध्ये धड दिसतही नाही. केएचमध्ये मात्र लगेच दिसतं.

वापरताना जिथे चुकतं ते लिहितो, कारण डब्यातल्या कागदावरचे अक्षर मुंगीएवढे आहेत. आम्ल ओढलं की दट्ट्याखाली थोडी हवा दिसते. ती टोकातली हवा आहे, तिला काढायच्या नादी लागू नका. आकडा दट्ट्याच्या काळ्या रबराच्या कडेवर वाचायचा, आम्लाच्या पातळीवर नाही. मी पहिला महिनाभर पातळीवर वाचत होतो. कुपी आधी टाकीच्याच पाण्याने विसळा. टाकीच्या निळ्या दिव्याखाली टेस्ट करू नका, खिडकीत उजेडाला जा. आमच्याकडे लाइन गेली की मी चार्जिंगच्या पिवळ्या बॅटरीत रंग पाहायचो. त्यात गुलाबी झाल्याचं दोन थेंब उशिरा कळतं आणि केएच उगाच जास्त निघतो.

आता बाटलीची गोष्ट. पहिली किट संपली मे महिन्यात. आमच्याकडचा मे म्हणजे पारा 45 च्या खाली उतरायला तयार नसतो. दुसरी किट शहरातल्या एका दुकानातून मागवली, कुरिअरने चार दिवसांत आली. पहिल्याच टेस्टला केएच 6.4. मागच्या आठवड्यात 8 होता. मी घाबरलो आणि खाण्याचा सोडा सुरू केला. हिशेब सोपा आहे: 100 लिटरला 3 ग्रॅम सोडा घातला की केएच 1 ने वाढतो, म्हणजे माझ्या टाकीला 5.4 ग्रॅम. (किराणावाल्याकडून बेकिंग पावडर आणू नका, तिच्यात स्टार्च आणि आम्ल असतं. धुण्याचा सोडा हा तिसराच प्रकार.) आठवडाभरात, रोज थोडा थोडा करून, साडेसतरा ग्रॅम गेला. किट आता 9 दाखवत होती, म्हणून मी खूश.

टाकी मात्र खूश नव्हती. झोआंथिडची तोंडं दिवसभर मिटलेली. हीटर हात लावून पाहिला तर काचेवर पांढरी खरखरीत साय, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला धरते तशी. पाणी तापलं की चुना आधी गरम जागी बसतो, आणि तो बसतोय म्हणजे पाण्यात झेपेल त्यापेक्षा जास्त आहे. 9 ला असं व्हायला नको. तेव्हा कुठे डोक्यात आलं, की चूक मोजमापात असेल.

तपासायला ज्याचा केएच आधीच माहीत आहे असं पाणी हवं. 2.4 ग्रॅम खाण्याचा सोडा शून्य टीडीएसच्या पाण्यात घालून एक लिटर करायचं. त्यातलं 100 मिली घेऊन पुन्हा त्याच पाण्याने एक लिटर करायचं. याचा केएच बरोबर 8 येतो. अडचण 2.4 ग्रॅमची. केंद्रातल्या काट्यावर कॅन तोलतात, तो ग्रॅम कुठून दाखवणार? म्हणून पुडी घेऊन दर्यापूरला सोनाराकडे गेलो.

"हे काय मोजाले आनलं भाऊ?"

"सोडा."

"कोन्ता?"

"खायाचा."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पुडीकडे, आणि काचेचं झाकण उघडून दिलं. काटा 2.400 वर येईपर्यंत मी टाचणीच्या टोकाने कण काढत-घालत होतो. शेजारी एक बाई मंगळसूत्राची वाटी वजन करायला थांबली होती. पैसे घेतले नाहीत त्याने, एवढंच म्हणाला, पुढच्या वेळी दुपारी या, गर्दी नसते.

घरी येऊन 8 चं पाणी किटमध्ये घातलं. आकडा 6.4. तीनदा केलं, तीनदा 6.4. मग आम्लाची बाटली उजेडात धरली. झाकण सैल होतं आणि पातळी नवीन बाटलीला शोभेल अशी नव्हती, चांगली पाचवा हिस्सा कमी. पाणी उडून गेलं की आम्ल घट्ट होतं, कमी थेंबांत रंग पलटतो आणि केएच खोटाच कमी दिसतो. म्हणजे माझा 9 प्रत्यक्षात 11 च्या वर होता. ते दुकानाच्या मांडणीत झालं की कुरिअरच्या गाडीत, मी सांगू शकत नाही. दुकानदाराला व्हिडिओ पाठवला. आधी म्हणाला, "सर, तुम्हाला रंग नीट दिसत नसेल." रोज दोन वेळा दुधाचे रंग पाहणाऱ्याला! नऊ दिवसांनी बदलून दिली. नवीन बाटलीत तेच पाणी 8 भरलं. जुन्या बाटलीवर मी फुली मारली आणि सोडा बंद केला. थोडं थोडं पाणी बदलत तीन आठवड्यांत टाकी 8.5 वर आली. झोआंथिड त्याआधीच उघडले होते.

तर घ्यावी का? घ्यावी. डिजिटल यंत्रापेक्षा स्वस्त, सेल लागत नाही आणि शंभरावर टेस्ट होतात. उन्हाळ्यात मागवायची असेल तर मार्चमध्येच मागवून ठेवा. डबा उघडल्या उघडल्या झाकण आणि पातळी बघा, मग 8 च्या पाण्यावर टेस्ट, मग टाकी. डबा कूलरच्या वाऱ्यात ठेवू नका. मी फ्रिजच्या दारात ठेवतो. 8 ची बाटलीही तिथेच असते, घट्ट बुचाची. मायने तिच्यावर मागच्या आठवड्यात पट्टी चिकटवली आहे: "ताक नाही."