सिव्हिल वॉरची पाच टोकनं मागवली, चार मस्त, एकाची वाट लावलेली

न्यू जर्सीत राहून नाण्यांचा नाद लागला की आज ना उद्या माणूस सिव्हिल वॉर टोकनांपाशी (अमेरिकेच्या यादवी युद्धात सुट्ट्या नाण्यांऐवजी चाललेले खासगी बिल्ले) येतोच. मीही आलो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून (नाव नाही घेत) पाचचा लॉट 130 डॉलरला घेतला, चार दिवसांत आला, प्रत्येक टोकन वेगळ्या होल्डरमध्ये आणि वर पेनाने फुल्ड नंबर (ह्या टोकनांच्या कॅटलॉगमधला क्रमांक), इथपर्यंत पैकीच्या पैकी.

सगळ्यात भारी निघालं लिंडेनम्युलरचं. हा न्यूयॉर्कचा बारवाला, एका बाजूला ह्याचंच दाढीवालं डोकं, दुसरीकडे फेसाळलेला बिअरचा मग. 1862 मध्ये लोकांनी सोनं दडवलं, मग चांदी, मग साधे सेंटसुद्धा, दुकानदारांकडे सुट्टे म्हणून पोस्टाची तिकिटं फिरायला लागली, ती हाताला चिकटायची ते वेगळंच. (आपल्याकडे वाणी सुट्ट्याऐवजी चॉकलेट टेकवायचा तसंच, फक्त हे लढाईचं.) मग 1863 मध्ये ज्याने त्याने आपापली सेंटएवढी टोकनं पाडून घेतली, खर्च सेंटपेक्षा कमी म्हणजे वर फायदाच. ह्या बाबाने तर दहा लाखांवर वाटली. थर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या ट्रामवाल्यांनी भाड्यात घेऊन घेऊन ढीग साठवला आणि बदलून मागायला गेले तर गडी हसला आणि चक्क नाही म्हणाला! एप्रिल 1864 मध्ये एक-दोन सेंटची खासगी टोकनं कायद्यानेच बंद झाली.

दुसरं आवडलं ते 'नॉट वन सेंट'वालं, 'नॉट' इतकं बारीक की भिंग लावल्याशिवाय दिसत नाही, नुसतं 'वन सेंट'च वाटतं, शुद्ध चलाखी. 'शूट हिम ऑन द स्पॉट' (झेंडा उतरवणाऱ्याला जागीच गोळी घाला) ह्या मजकुरात 'स्पॉट'चं चुकून 'स्पूट' छापलेलं टोकन मात्र लॉटमध्ये नव्हतं, असतं तर मी नाचलो असतो. बाकी दोन झेंडा-बिंडावाली, साधीच पण स्वच्छ.

पाचव्याने मात्र डोकं फिरवलं. चिंच लावून घासलेल्या देवघरातल्या तांब्यासारखं लख्ख! दीडशे वर्षांचं तांबं असं चमकत नाही हो. फोटो समोरून उजेड मारून काढलेला, त्यामुळे घासल्याचे ओरखडे दिसलेच नाहीत. कळवल्यावर पंधरा डॉलर परत दिले, वाद नाही घातला. तीन स्टार. घ्यायचं असेल तर आधी तिरक्या उजेडातला फोटो मागा, आणि झेंडेवाल्यांपेक्षा दुकानदाराचं नाव असलेली घ्या.

चकचकीतवालं मुलाने सापशिडीत हरवलेल्या सोंगटीच्या जागी घेतलंय.