मॉकला मार्क पडले नाहीत: लातूरला जायचं का घरीच थांबून सुधारायचं?

फेब्रुवारी २०२५ चा पहिला रविवार होता. नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, प्रॅक्टिस टेस्ट दिली आणि ७२० पैकी ३१८ पडले. बारावी बोर्डाचा पहिला पेपर नऊ दिवसांवर, नीट ४ मेला, घरी तासगावात द्राक्षाचा माल उतरायचं काम चालू, दारात व्यापाऱ्याची गाडी उभी, पप्पा क्रेटच्या वजनापाशी आणि मी आतल्या खोलीत मोबाईलवर तो आकडा परत परत बघत बसलेली. त्याच टेस्टला माझ्या चुलतभावाला ३२६ पडले. संध्याकाळी काका आले आणि म्हणाले, दोघांनाबी लातूरला धाडूया, बोर्ड झालं की क्रॅश कोर्सला, इथं राहून काय व्हायचं नाही.

तो गेला. मी राहिले. दोघांचाही अनुभव डोळ्यासमोर आहे म्हणून हे लिहितेय, कारण दरवर्षी डिसेंबर ते मार्चमध्ये आपल्याकडं सांगली-साताऱ्यात घरोघरी हाच विषय असतो आणि निर्णय बहुतेक वेळा तो आकडा बघून रागात नाहीतर भीतीनं होतो.

माझं मत आधीच सांगते. ३१८ हा आकडा बघून लातूर का घर ते ठरतच नाही. ते तो पेपर उघडून बघितल्यावर ठरतं.

पेपर उघडायचा म्हणजे काय, तर माझाच सांगते. १८० प्रश्नांत माझे ९५ बरोबर, ६२ चूक, २३ सोडलेले. बरोबरला ४, चुकीला वजा १, म्हणजे ३८० मधून ६२ गेले. फिजिक्सला ६२ मार्क, केमिस्ट्रीला ८४, बायोला १७२. पहिले दोन दिवस मी एवढंच बघून रडले. तिसऱ्या दिवशी आत्तीनं (ती शाळेत शिकवते) वही दिली आणि सांगितलं की चुकलेला प्रत्येक प्रश्न का चुकला ते समोर लिही, एका शब्दात. ६२ पैकी १४ प्रश्नांचे धडे मी वाचलेच नव्हते. २३ वाचलेले होते पण दोन पर्यायांत अडकून चुकीच्यावर टिक केली. १६ प्रश्नांत येत असून घाण केली, म्हणजे ‘अयोग्य विधान निवडा’ मधला अ दिसलाच नाही, कुठं एकक बदलायचं राहिलं, कुठं दहाचा घात चुकला. आणि ९ निव्वळ तुक्के.

आता हिशोब बघा. त्या १६ मधला एक सुधारला की ४ मिळतात आणि गेलेला १ वाचतो, म्हणजे ५. सोळाचे झाले ८०. नवीन एकही धडा न वाचता. तुक्क्याबद्दल सगळे ओरडतात पण चारपैकी एकावर डोळे झाकून मारलं तर सरासरीनं पाव मार्क मिळतो, म्हणजे जवळजवळ ना फायदा ना तोटा, आणि दोन पर्याय खात्रीनं कटले असतील तर उरलेल्या दोनातला एक मारणं सरासरीनं दीड मार्काचं काम आहे, ते सोडू नये. माझा खरा तोटा तुक्क्यात नव्हता, त्या २३ मध्ये होता, म्हणजे अर्धवट वाचनात.

भावानं पण तसंच लिहून काढलं (मीच बसवला त्याला). त्याचं चित्र एकदम वेगळं निघालं. त्याच्या निम्म्या चुका न वाचलेल्या धड्यांच्या होत्या, फिजिक्सचं अकरावीचं रोटेशन, थर्मो, लहरी, काहीच झालेलं नाही. आणि त्यानं मान्य केलं की घरी तो दिवसाला तीन तासाच्या वर बसतच नाही. ३१८ आणि ३२६, आकडे शेजारी शेजारी, पण आजार दोन.

तर आता दोन्ही बाजू, जशा आम्ही बघितल्या तशा.

लातूरचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे वातावरण, हे मान्यच करायला पाहिजे. सकाळी साडेसहाला अख्खी खोली उठते म्हणून तुम्ही उठता. भाऊ सांगायचा की मेसमध्ये पोळी खाताना पण पोरं केमिस्ट्रीचं बोलतात. दर रविवारी दुपारी पूर्ण पेपर, तोही कागदावर, ओएमआर उत्तरपत्रिकेवर पेनानं गोळे भरून. हे घरी करायला फार जिवावर येतं. मोबाईलवर टेस्ट देणारी पोरं तीन तासांत १८० गोळे रंगवायला किती वेळ जातो ते धरतच नाहीत. आणि त्याचे न झालेले धडे तिथं झाले, कारण कुणीतरी रोज समोर उभं राहून शिकवत होतं.

पण घेणं पण आहे. सत्तर जणांची बॅच, टेस्टच्या मार्कांवरून मागच्या बॅचमध्ये बसवलेला, डाउट विचारायला रांग, आणि हा मुळात लाजरा, त्यामुळं पहिल्या महिन्यात त्यानं एकदाही हात वर केला नाही. पहिले आठ-दहा दिवस गादी, बादली, पाणी, पोट बिघडणं यातच गेले. दोन महिन्यांच्या कोर्समध्ये आठ-दहा दिवस म्हणजे लय झाले. आणि क्लासची जाडजूड मॉड्यूल हातात आली की एनसीईआरटी, म्हणजे मूळ पाठ्यपुस्तक, बाजूला पडते, त्याचं बायोत तेच झालं, पहिल्या दोन टेस्टमध्ये बायो वाढायच्या ऐवजी खाली आलं. मिरजेहून लातूर रेल्वेनं सुमारे ३४० किलोमीटर, म्हणजे रविवारी भेटून येऊ म्हणणं शक्य नाही. (२०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या मिरजेतूनच लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं. काकी त्याला बसवायला स्टेशनवर गेली तेव्हा तिला तेच आठवलं आणि मग तिनं पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या जास्तीच्या दिल्या.)

घरचं माझं कसं होतं. वेळ माझा होता, ही सगळ्यात मोठी गोष्ट. बायोचे जे २३ अर्धवटवाले होते त्यासाठी मला शिकवणारा माणूस नकोच होता, एनसीईआरटी ओळ न ओळ परत वाचायची होती, आकृतीखालची बारीक अक्षरं सुद्धा. ते कुठल्याही बॅचमध्ये बसून होत नाही, ते एकट्यानंच करायचं काम आहे. रोज आदल्या चुकांची वही आधी, मग नवीन. टेस्ट मी आठवड्याला एकच दिली, दुपारी २ ते ५, खऱ्या परीक्षेच्या वेळेला, आणि त्याच्यानंतरचा पूर्ण दिवस फक्त तो पेपर सोडवून बघण्यात. पहिल्यांदा मी रोज एक टेस्ट द्यायला लागले होते. पाच दिवसांत पाच टेस्ट, पाचही ३१० ते ३३० च्या मध्ये. आठवडा वाया.

घरचा तोटा म्हणजे घरच. काढणीचा सीझन, बेदाण्याचं शेड, बायकांचा चहा, पाहुणे, "बाळ जरा हिशोब लिहून दे." पप्पा मुद्दाम करत नव्हते, पण माणसं कमी पडली की हाक मलाच. शेवटी गावातल्या अभ्यासिकेत महिन्याची सीट घेतली, सकाळी डबा घेऊन जायचं आणि संध्याकाळी यायचं, तेव्हा कुठं घर हा पर्याय खरा पर्याय झाला. ज्यांच्या घरात दार लावून बसायला जागा नाही त्यांनी आधी अभ्यासिका बघा आणि मग लातूरच्या फीचा विचार करा, कारण निम्म्या घरांत प्रॉब्लेम शिकवण्याचा नसतो, दाराचा असतो.

फिजिक्स मात्र घरी हललं नाही. ऑनलाईन लेक्चर सहा-सहा तास बघितले, बघताना सगळं कळतं, वही उघडली की हात चालत नाही. मग सांगलीत विश्रामबागला एक सर आठवड्यातून तीन दिवस, एसटीनं जाऊन येऊन, फक्त गणितं. सर सोडवून दाखवायचे नाहीत, माझ्याकडून सोडवून घ्यायचे. हा मधला रस्ता खूप जण विसरतात, एकाच विषयाला माणूस लावायचा आणि बाकी दोन घरी. ४ मेच्या पेपरला फिजिक्स इतकं अवघड आणि लांबलचक आलं की देशात पहिला आलेल्याला सुद्धा ६८६ च होते, आदल्या वर्षी जिथं ७२० वाल्यांची रांग होती. तेव्हा ते तीन दिवस नसते तर मी पहिल्या दहा प्रश्नांतच हाय खाल्ली असती.

शेवटी मला ४४६ पडले आणि त्याला ४५२. सहा मार्कांचा फरक, आणि दोघांपैकी कुणीही जागा बदलली असती तर दोघंही बुडालो असतो असं मला मनापासून वाटतं.

जाणार असाल तर एक गोष्ट कळवळून सांगते, बोर्ड सोडून डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका. प्रॅक्टिकलला आपल्याच कॉलेजला यावं लागतं, लेखी पेपर इथंच, आणि बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो मिळून ओपनला ५० टक्के, राखीवला ४० टक्के नसतील तर नीटचे मार्क कितीही असोत, एमबीबीएसला चालत नाहीत. पैसे भरायच्या आधी लेखी विचारा: बॅचमध्ये किती मुलं, डाउटसाठी वेळ कोणती आणि कोण बसतं, मधेच परत आलं तर फी किती परत. "बघू की, तुमचंच पोरगं आहे" हे उत्तर चालवून घेऊ नका. आणि मराठी माध्यमवाल्यांनी फॉर्म भरतानाच भाषा ठरवा, मराठी घेतली तर पेपरात इंग्लिश पण असतं, शंका आली तर इंग्लिशमधलंच धरतात, त्यामुळं कुठल्याही क्लासला जायच्या आधी तिथं शब्द कुठल्या भाषेत शिकवतात ते विचारायलाच पाहिजे.

आईवडिलांना एवढंच, मॉकच्या मार्कांवरून जेवताना बोलू नका. त्या आठवड्यात मी ताटावरून उठून जायचे आणि आईला वाटायचं मी चिडलेय, मला खरं तर गिळवत नव्हतं. पोरगं झोपत नसेल, बोलायचं बंद झालं असेल तर लातूर-घर हा विषय दोन दिवस बाजूला ठेवा, त्याच्याशी बोला, गरज वाटली तर टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे आणि रात्री पण उचलतात.

माझी विट्याची मावसबहीण, तिला परवाच्या टेस्टला २९७ पडलेत आणि मावशीनं लातूरच्या हॉस्टेलचा ॲडव्हान्स भरायला काढलाय. मी मावशीला सांगितलंय, रविवारपर्यंत थांब. रविवारी ती पेपर आणि कोरी वही घेऊन माझ्याकडं येणारे, एकेक चूक लिहून काढायला, आणि त्यात न वाचलेलं किती निघतं ते बघूनच मावशीला फोन करणारे.