मेमटेस्ट८६: निळ्या पडद्यामागचं कारण एका रात्रीत सापडलं

नारायण पेठेत माझं डीटीपीचं काम चालतं. श्रावणात लॅपटॉप मधेच निळा पडून बंद व्हायला लागला. कधी दिवाळी अंकाचं पान लावताना, कधी साधी पीडीएफ उघडताना, एकदा तर मी चहा करत होते तेव्हा. एका कथेची सहा पानं अशीच गेली, ती रात्री दीडपर्यंत बसून पुन्हा लावली.

दुकानात दिला तर त्यांनी विंडोज नव्याने टाकून दिली. तीन दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "मॅडम, मदरबोर्ड गेलाय, अठरा हजार होतील." लॅपटॉप उघडलासुद्धा नव्हता! मी तसाच घरी आणला. निळ्या पडद्यावरचा स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, मी दर वेळी कॅलेंडरवर लिहून ठेवत होते आणि तो दर वेळी वेगळा होता: मेमरी मॅनेजमेंट, मग आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, मग पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. ड्रायव्हर (लॅपटॉपचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) बिघडला असेल तर बहुतेक वेळा एकच कोड फिरून फिरून येतो. असे वेगवेगळे यायला लागले की आधी रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवणारी मेमरी, तपासावी. रॅमचा एखादाच कोपरा खराब असतो. विंडोज तिथे आज फॉन्ट ठेवते, उद्या स्वतःचंच काहीतरी, म्हणून कधी बंद पडेल याचा नेम नसतो.

विंडोजमधल्या मेमरी तपासणीला काही सापडलं नाही. मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम घेतला. तो फुकट मिळतो आणि पेनड्राइव्ह तयार करायचा प्रोग्राम त्याच झिपमध्ये असतो. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेवढं आधी काढून ठेवा. लॅपटॉप थेट त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. विंडोज मधे नसल्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासता येते.

चार्जर लावून रात्री दहाला सुरू केलं. पहिली फेरी स्वच्छ गेली. ही फेरी मुळातच आखूड असते, तिच्यावर थांबू नका. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, त्या पुऱ्या होऊ द्या. सकाळी पाहते तर खाली चुकांच्या ओळी. प्रत्येक ओळीत काय असायला हवं होतं आणि काय सापडलं, ते शेजारी शेजारी. एकीत हवा होता एफ, सापडला ७. खालच्या ओळीत हवा होता ८, सापडला ०. इथे एफ म्हणजे पंधरा. आकडे वेगळे, पण दोन्हीकडे फरक आठाचाच. म्हणजे एकच बिट, रॅममधली शून्य किंवा एक ठेवणारी सगळ्यात छोटी जागा, मेलेलं होतं. महिनाभर छळणारी गोष्ट एवढीशी होती, हे पाहून मला रडूच आलं.

दोष कुठल्या स्टिकमध्ये (रॅमच्या पट्टीत) आहे ते मात्र त्याने सांगितलं नाही, ही मोठी उणीव. दोन्ही स्टिक आळीपाळीने काढून तपासायला दोन रात्री गेल्या. दोषी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये (पट्टी बसवायच्या खाचेत) घालूनही पाहिली. चुका तिच्याबरोबर तिकडे गेल्या, म्हणजे स्लॉट ठीक होता. शिवाय एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क), ड्रायव्हर यातलं काही हे तपासत नाही. कोड दर वेळी तोच येत असेल तर यात रात्र घालवू नका, आधी ड्रायव्हर पाहा.

तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जुनी स्टिक दाखवली. मुलाने स्टिकरवर बोट ठेवून वाचलं, "ताई, ८ जीबी, डीडीआर४, ३२०० ना?" आणि त्याच आकाराची, प्रकाराची आणि वेगाची काढून दिली. तीन हजारांच्या आत काम झालं.

खराब रॅमच्या दिवसांत सेव्ह केलेल्या फाइली एकदा उघडून पाहा. रॅममध्ये बिघडलेलं तसंच्या तसं डिस्कवर उतरतं. माझी मुखपृष्ठाची फाइल उघडेचना, बॅकअपमधून काढावी लागली.

नवी स्टिक घालून पुन्हा चार फेऱ्या चालवल्या, चुका शून्य. अंक सर्वपित्रीच्या आधी छापखान्यात गेला.