हिपॅटायटिस सी, सरकारी दवाखाना, सोलापूर: गोळ्यांना पाच तारे, रिपोर्टला दोन

आण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं अन् हिपॅटायटिस सी (रक्तातून पसरणारा, यकृत बिघडवणारा विषाणू) निघाला. 1989 ला यंत्रमागात हात सापडला तेव्हा रक्त चढवलं होतं, बहुतेक तिथलंच. सोफोसबुव्हिर-डॅक्लाटासव्हिर फुकट मिळालं, 12 आठवडे रोज दोन गोळ्या. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेऊन माणूस महिनोन्महिने तापानं फणफणायचा. आण्णा कडक भाकरी-शेंगाचटणी खाऊन दुपारी पारावर! व्हायरल लोडच्या (रक्तात विषाणू किती, त्याच्या) रिपोर्टसाठी मात्र तीन चकरा. गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी तपासलं, विषाणू नाही. तरी डोळ्याच्या खाजगी दवाखान्यात अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती) पॉझिटिव्ह बघून नर्स मागं सरकली. अहो, बरं झाल्यावरही ती पॉझिटिव्हच राहते! लस अजून नाही, पुन्हा लागण होऊ शकते. म्हणून आण्णा न्हाव्याला नवं ब्लेड डोळ्यांसमोर फोडायला लावतात.