सहलीचे छायाचित्र : जलरंगात की तैलरंगात?

सोलापूरहून साधारण १०० किलोमीटरवरच्या विजापूरला सहकुटुंब जाऊन आल्यावर गोलघुमटासमोरच्या छायाचित्राचे चित्र करून घ्यायचे ठरले, तर पहिला प्रश्न माध्यमाचा येतो. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असल्याने दुपारचे रखरखीत ऊन आणि दगडावरची धूसर सावली सहज उतरते. मात्र चूक झाकणे अवघड असल्यामुळे चेहरे लहान असतील तेव्हाच हे माध्यम निवडावे. कागद सुती आणि प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅम वजनाचा घ्यावा, म्हणजे तो ओलाव्याने फारसा वळत नाही.

तैलरंगात थरावर थर चढवता येतो, त्यामुळे आजीच्या इरकलीचा काठ आणि तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सावकाश घडवता येतात. माणसे महत्त्वाची असतील, तर माझा कौल तैलरंगालाच आहे, जरी जाड थर पुरता वाळायला अनेक महिने लागत असले तरी.

जलरंगाला काचेची चौकट लागते आणि सोलापूरच्या उन्हाची थेट तिरीप त्यावर पडू देऊ नये. मोबाइल वर कलता धरून रुंद कोनाच्या भिंगाने टिपल्यामुळे आत कललेले घुमटाचे मनोरे मात्र दोन्हींत चित्रकाराकडून आधीच सरळ करून घ्यावेत.