मधुमालती लावायची की माधवी?

या दोन्ही वेलींना लोक सर्रास 'मधुमालती' म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. एकीचं रोप समजून दुसरीचं लावलं, तर चूक लक्षात यायला पहिला बहर यावा लागतो.

कमानीवरून पांढरे, गुलाबी, लाल घोस लोंबतात ती मधुमालती, म्हणजे रंगूनची वेल. शास्त्रीय नाव कॉम्ब्रेटम इंडिकम. अर्जुन, हिरडा, बेहडा यांच्याच कुळातली. तिचं जुनं नाव क्विस्क्वालिस, लॅटिनमध्ये 'कोण? काय?'. सतत रूप पालटणाऱ्या वेलीला ते शोभतंही. माधवी मात्र हिप्टेज बेंगालेन्सिस. संस्कृत काव्यातली अतिमुक्त आणि वासंती ती हीच.

मधुमालतीची खरी गंमत संध्याकाळी बघावी. दिवेलागणीला कळी उमलते ती पांढरी. दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, तिसऱ्या दिवशी लालभडक, म्हणून एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. देठासारखी दिसणारी बारीक नळी मोजून पाहा, 6-7 सेंटिमीटर सहज भरते. मकरंद तळाशी असल्यामुळे तिथवर पोचतात ते लांब सोंडेचे रात्रीचे पतंग, आणि त्यांच्यासाठीच वास रात्री गडद होतो. खिडकीजवळ वेल हवी असेल तर मी डोळे झाकून हीच सुचवेन.

माधवीचं फूल जवळून पाहण्याचं. पाच पाकळ्यांच्या कडांना झालर, त्यातल्या एकीवरच पिवळा डाग. दहा पुंकेसरांपैकी एक बाकीच्यांपेक्षा कितीतरी लांब. कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा बारीक दांडा, काही फुलांत डावीकडे वळलेला, काहींत उजवीकडे, जणू आरशातली प्रतिमा. वास गोड, पण मुख्य बहर थंडी सरतानाचा आणि वसंतातला; मधुमालती उबदार हवेत कितीतरी महिने फुलत राहते. फळाला तीन पंख असतात, मधला सर्वांत लांब. उंचावरून सोडलं की ते भिरभिरत खाली येतं. मधुमालतीच्या फळाला पाच धारा असतात. तिच्या बिया जंतावर वापरल्या जातात, पण जास्त पोटात गेल्या तर उचकी, मळमळ होते. घरात लहान मुलं असतील तर हे ध्यानात ठेवा.

दोघीही उष्ण आशियातल्या. माधवी भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांत मोठमोठ्या झाडांवर चढते, खोडही चांगलं जाडजूड होतं. बाहेर नेल्यावर मात्र तिने त्रास दिला: मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर तिने स्थानिक झाडं गुदमरवून टाकली. मधुमालतीही काही ठिकाणी बागेबाहेर पसरली आहे, फुटवेही भरपूर काढते. म्हणून छाटणी दोघींनाही हवीच. माधवीला मजबूत मांडव आणि मोकळी जागा असेल तरच हात घाला. जाळी, कुंपण, लहान कमान असेल तर मधुमालती.

रोपावर फूल नसेल तर पान आणि खोड पाहा. मधुमालतीचं पान पातळ. ते गळाल्यावर देठाचा बुडखा खोडावर राहतो आणि काट्यासारखा टणक होतो. बोट फिरवलं की टोचतो. माधवीचं पान जाड, चामड्यासारखं, आणि कोवळ्या शेंड्यावर रेशमी लव असते.